शेडवरचा वेलगुलाब

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट जरा बरा केला असता.

गिरिजा माझी सख्खी मावसबहीण. तिच्या तोंडून ऐकलं तसं सांगते. थोडं तिच्या नवऱ्याकडून, अवधूतकडून कळलं, तेही सांगते.

मिशिगनमधलं नोव्हाय. गेल्या वर्षीचा जानेवारी. बाहेर पडू नका असा इशारा फोनवर सारखा येत होता, इतकी थंडी.

अवधूत तिथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. गिरिजा पुण्यात आर्किटेक्ट होती. तिकडे गेली आणि व्हिसामुळे घरी बसली. काम करायची परवानगीच नव्हती. गाडी एकच, ती अवधूत घेऊन जायचा. चालत जाण्यासारखं जवळपास काही नाही.

"आज बाहेरच्या एकाही माणसाशी बोलले नाही गं," असं मला फोनवर म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

मग तिने बाग धरली.

त्यांच्या कॉलनीमागे एक जुनं फार्महाऊस होतं. रिकामं, पाडायला काढलेलं. त्याच्यावर एक वेलगुलाब चढला होता. जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस. त्याची एक फांदी जमिनीला टेकली होती आणि टेकल्या जागी तिने मुळं धरली होती. गिरिजाने तेवढी फांदी तोडून, मुळांसकट उकरून आणली. घरामागच्या लाकडी शेडजवळ लावली.

पहिल्या हिवाळ्यात ती म्हणाली, मेला असेल.

मेला नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो शेडच्या छपरावर पोचला. तिसऱ्या वर्षी शेड दिसेनाशीच झाली. माणसाच्या बोटाएवढ्या जाड फांद्या, वाकडे काटे. गिरिजाला केवढं कौतुक! रोज फोटो पाठवायची.

शेजारी मनोहरकाका राहायचे. रिटायर झालेले, तीस-एक वर्षं तिथेच. एकदा कुंपणाशी उभे राहून ते बराच वेळ गुलाबाकडे बघत राहिले.

"कुठून आणलास हा?"

तिने सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. "त्या घराची दारं-खिडक्या ह्यानेच झाकली होती. एक बाई राहायची तिथे. एकटीच. तिला बाहेर आलेलं कधी कुणी पाहिलं नाही. मग एका वर्षी..."

"एका वर्षी काय, काका?"

"काही नाही. छाटत जा जरा. दार मोकळं ठेव."

तिने छाटला. पंधरवड्यात तो पुन्हा शेडच्या दारावर आला.

मग हिवाळा आला. सगळ्या झाडांची पानं गळली.

ह्याची गळली नाहीत.

बर्फात हिरवागार उभा. एरवी दाणे टिपायला येणारे पक्षी शेडच्या बाजूला फिरकेनात. आणि एका दुपारी भांडी घासताना गिरिजाला वास आला...

गुलाबाचा.

जानेवारीत. सगळ्या खिडक्या बंद असताना.

ज्या दिवशी हे झालं, त्या दिवशी दुपारभर बर्फ पडत होता. दारातल्या पायऱ्या गोठल्या होत्या. अवधूत घसरेल म्हणून बर्फ वितळवायला त्यांवर टाकायचं मीठ आणायला ती शेडमध्ये गेली. अंगावर अवधूतचं जुनं जॅकेट. फोन ओट्यावरच राहिला. दोन मिनिटांचं काम होतं.

पिशवी उचलली.

मागे दार लागलं.

वाऱ्याने लागलं असेल म्हणून तिने ढकललं. दार जरासं उघडलं... आणि परत आलं.

कडी लागली असती तर दार हललंच नसतं. हे हलत होतं. बाहेर कुणीतरी दाराला पाठ टेकून बसल्यासारखं.

"अवधूत?"

तिने दाराला कान लावला.

फक्त खर्र... खर्र... लाकडावर काटे घासल्याचा आवाज. वारा पडला होता, तरी तो आवाज येत होता.

तिने खांदा लावला. लाथा मारल्या. ओरडली. बागेची कात्री, फावडी, सगळं हिवाळ्यासाठी गॅरेजमध्ये नेऊन ठेवलेलं. शेडमध्ये फक्त मीठ आणि रिकाम्या कुंड्या.

शेडला एक छोटी खिडकी होती. तिच्यावरही फांद्यांचं जाळं. मधून तळहाताएवढी फट. त्या फटीतून स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसायची.

अंधारून यायला लागलं. तिची बोटं बधिर झाली. कुंड्यांवरचं गोणपाट तिने पायांभोवती गुंडाळलं. अवधूत येईल, मला शोधेल. हेच ती स्वतःला सांगत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात दिवा लागला.

आला!

ती फटीला डोळा लावून उभी राहिली...

तो अवधूत नव्हता.

ओट्याशी एक बाई उभी होती. पाठमोरी. अंगात गिरिजाचा निळा स्वेटर. केस गिरिजासारखेच वर बांधलेले. ती आलं किसत होती.

गिरिजा मला म्हणाली, "मला ओरडताच येईना गं. स्वतःची पाठ कधी बघतो का आपण? तरी मी ओळखली."

गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग अवधूत स्वयंपाकघरात आला. मफलर काढत काहीतरी बोलला. हसला. त्या बाईने त्याच्या हातात कप दिला.

गिरिजाने कुंडी उचलून काचेवर आपटली. काच फुटली. बाहेरच्या फांद्यांनी आवाज जणू गिळला. ती घसा फाटेपर्यंत ओरडली. "अवधूत! अरे ती मी नाहीये! मी इथे आहे!"

त्याने मान वर केली नाही.

तिने केली.

ती बाई हळूच वळली. चेहरा उजेडाच्या उलट बाजूला होता, नीट दिसला नाही. पण ती सरळ शेडकडे बघत होती. मग अवधूतकडे वळून काहीतरी बोलली. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. मान डोलावली. कप ठेवला.

आणि गॅरेजकडे गेला.

थोड्या वेळाने तो मागच्या अंगणात आला. टॉर्च घेऊन, बर्फातून वाट काढत, थेट शेडकडे. गिरिजाला रडूच फुटलं. सुटले!

पावलं दाराशी थांबली.

मग तिला आवाज आला...

कडी सरकल्याचा.

तो दार उघडत नव्हता. लावत होता.

लोखंडाचा किणकिणाट झाला. कुलूप. कुलूप घालत होता तो.

ती दारावर अक्षरशः तुटून पडली. दोन्ही मुठींनी. "अवधूत! अरे मी आहे आत! गिरिजा!"

बाहेर सगळं थांबलं.

"...गिरिजा?"

"दार उघड ना रे!"

"अगं, पण... तू तर..."

तो पुढे बोललाच नाही. ती सांगते, तो थोडासा वेळ, तेवढाच, सगळ्यात भयंकर होता. कारण तिला कळत होतं, तो मनात विचार करतोय. उघडू की नको.

मग कुलूप बर्फात पडल्याचा आवाज आला. दार उघडलं. एकाच झटक्यात, सहज. एकही फांदी आड आली नाही.

त्याने टॉर्च तिच्या तोंडावर धरला. धरूनच ठेवला. मग वळून घराकडे पाहिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणी नव्हतं. दिवा चालू होता.

"मग आत कोण आहे?" तो हळूच म्हणाला.

दोघं बर्फात उभे. घरात जायची हिंमत होईना. पण त्या थंडीत बाहेर राहणं म्हणजे मरणच. शेवटी एकमेकांचा हात धरून ते आत गेले.

घर गरम होतं. खाली कुणी नाही, वरही कुणी नाही. निळा स्वेटर कपाटात घडी करून ठेवलेला. ओट्यावर दोन कप. एक अवधूतचा, अर्धा प्यालेला, अजून कोमट. दुसरा भरलेला.

त्या दुसऱ्या कपातल्या चहावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

ती रात्र त्यांनी मनोहरकाकांकडे काढली. काकांनी काही विचारलं नाही. दार उघडून आत घेतलं, बस.

वसंतात त्यांनी गुलाब मुळापासून काढून टाकला. शेड पाडली. घर विकलं. आता ते एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. गिरिजाला कामाची परवानगीही मिळाली आहे.

मध्यंतरी अवधूत कामासाठी इकडे, मी राहते त्या पार्सिपनीला आला होता. माझ्याकडे जेवला. जेवण झाल्यावर मी विचारलं, "ती तुला नेमकं काय म्हणाली होती रे?"

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "म्हणाली, शेडचं दार वाऱ्याने आपटतंय, कुलूप घालून ये. एवढंच. अगदी तिच्याच आवाजात. चहासुद्धा तसाच होता. आणि बाहेर मला दार आपटल्याचा आवाज येत होता ना, म्हणून मी गेलो."

"झालं ते. सुटली ना ती."

"हो." त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "कधीकधी वाटतं यार, मी दोघींना नीट बघितलंच नव्हतं. जी ओरडली, तिला बाहेर काढलं."

हे मी गिरिजाला सांगितलेलं नाही. पण तिला कळलं असावं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. अवधूत आता वेगळ्या खोलीत झोपतो म्हणे. आतून कडी लावून.

मी म्हटलं, व्हिडिओ लाव, तुला बघू दे तरी. तर नको म्हणाली.

मग मध्येच एक श्वास घेऊन तिने विचारलं, "तू तरी ओळखतेस ना गं मला?"

मी "हो" म्हणाले. लगेच म्हणाले.

फोन ठेवला, आणि तेव्हापासून मी आठवायचा प्रयत्न करतेय... माझी गिरिजा बोलताना असा मध्येच श्वास घ्यायची का?