मागची डावी सीट

सदर बाजारातल्या पाच दुकानांत गेलो आणि पाचही जणांनी मला एकच सांगितलं, "साहब, ये कंपनी का डब्बा निकाल के फेंको." डबा म्हणजे माझ्या गाडीत कंपनीनं बसवून दिलेला स्टिरिओ. अरे, पण काहून फेकू? स्टिअरिंगवरची बटणं त्याची, मागचा कॅमेरा त्याच्यावर दिसतो, नऊ वर्षांत एकदा बंद पडला नाही. मी फॅक्टरीत तपासणी खात्यात आहे. चांगल्या वस्तूला भंगार म्हणणाऱ्या लोकांशी भांडण्यात माझी वीस वर्षं गेली. इथंही भांडलो. मला फक्त आवाज चांगला पाहिजे होता, आणि तो मंगळवारच्या आत.

कारण मंगळवारी आम्ही नागपूरला निघणार होतो. यशश्री, माझी मुलगी, अकरा वर्षांची आहे. तिच्या हृदयाची एक झडप नीट लागत नाही. बुधवारी भरती, गुरुवारी ऑपरेशन. गाडीनं पाच-सहा तासांचा रस्ता, आणि आमच्या स्पीकरांची ही गत की गाणं लावलं तर डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. यशूनं एकच गोष्ट मागितली होती. "पप्पा, गाने जोर से और साफ बजने चाहिए. मला तुमचं आणि मम्मीचं दवाखान्याचं बोलणं नाही ऐकायचं." डॉक्टरांनीही सांगितलं होतं, मुलीला घाबरू देऊ नका. ऑपरेशनचं माझ्या हातात काहीच नव्हतं. स्पीकरचं होतं.

सहाव्या दुकानात दिवाकर भेटला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं डोकं न खाता ऐकून घेतलं. म्हणाला, स्टिरिओ जागेवरच राहील, त्याच्या मागच्या तारांमधून आवाज घेऊ, सीटखालचा अॅम्प्लिफायर तो वाढवेल आणि चारही दारांतल्या नव्या स्पीकरांना देईल. शनिवारी दिवसभर बसून त्यानं सगळं केलं. दुपारी तीनला गाणं लावलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू.

"रुको, अभी नापना बाकी है," दिवाकर म्हणाला.

मोजमाप म्हटलं की मी खूश. त्यानं ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी एक छोटा माईक बांधला. एसी बंद, काचा वर, आम्ही दोघं बाहेर उन्हात. एकेका दारातून नळाला हवा सुटल्यासारखा फस्स आवाज सोडायचा, आणि माईकला काय ऐकू आलं त्याची रेषा मोबाईलवर उमटायची. तीन रेषा सरळ आल्या. चौथी, मागच्या डाव्या दाराची, शेवटाकडे खाली घसरली.

दिवाकरनं मोबाईलवरून नजर न उचलता विचारलं, "पीछे लेफ्ट में कौन बैठा है? उतारो उनको."

"कोणी नाही," मी म्हणालो. "कोई नहीं है, भैया."

त्यानं वाकून काचेतून पाहिलं. मग मला समजावलं. सीटवर माणूस असला की त्याचे कपडे, त्याचं अंग, दारातून येणारा बारीक आवाज खाऊन टाकतात. रेषा अशीच पडते, बरोबर अशीच. मी म्हणालो, मग स्पीकर खराब आहे. तो म्हणाला, देखते हैं.

डाव्या दाराचा स्पीकर उजव्या दारात लावला, उजव्याचा डाव्यात. घसरण डावीकडेच. तारा बदलल्या, तरी डावीकडेच. रविवारी दिवाकर हत्यारांची पेटी घेऊन आमच्या क्वार्टरवर आला आणि आम्ही सीटचं कव्हर काढलं, खालची चटई काढली, दाराचा आतला पत्रा उघडून परत बसवला. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, कुत्रं भुंकलं की थांबायचं, परत पहिल्यापासून मोजायचं. एप्रिलचं ऊन. बनियन अंगाला चिकटलेलं. माझ्या नाकी नऊ आले.

"तुम्ही काहून एवढे चिडून राहिले?" ज्योतीनं, माझ्या बायकोनं, दारातून विचारलं. "गाणं वाजते ना? मग झालं ना."

"नाही झालं. ती सीट यशूची आहे. तिथलाच आवाज दबून राहिला."

ती बॅग भरायला आत निघून गेली.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. आता एकच आरोपी उरला होता, कंपनीचा डबा. दिवाकर म्हणाला, काही कंपन्यांचे स्टिरिओ आवाज आपल्या मर्जीनं कमीजास्त करतात, कदाचित हाही करत असेल. ज्याच्यासाठी पाच दुकानदारांशी भांडलो तोच चोर निघावा, असं मी त्या दिवशी मनापासून मागत होतो. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, पण काही कारण मिळू दे बाबा. दिवाकरनं स्टिरिओच्या तारा सोडवल्या आणि मोबाईल सरळ अॅम्प्लिफायरला जोडला.

रेषा तिथंच घसरली. केसभरही फरक नाही.

"साहब," दिवाकर हळूच म्हणाला, "एक नींबू-मिर्ची टाँग के देख लो. मेरे कहने से."

आमच्या घरात हा विषय नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा लिंबू, मिरच्या, भूत, करणी सगळं तिथंच ठेवून आले. मी दिवाकरवर असा ओरडलो की समोरच्या क्वार्टरमधली बाई गॅलरीत आली. त्यानं मुकाट्यानं स्टिरिओच्या तारा परत जोडून दिल्या. जाताना म्हणाला, निघायच्या आधी एकदा मोजून रेषा पाठवा, मी पाहून ठेवतो. माईक माझ्याकडेच राहू दिला.

त्या दुपारी मी एक काम केलं जे करायला नको होतं. यशूला मागच्या उजव्या सीटवर बसवलं, मुद्दाम, तिच्या नेहमीच्या जागेवर नाही. अर्धा मिनिट काचा बंद करून मोजलं. उजव्या दाराची रेषा लगेच खाली आली. ते ठीकच होतं, तिथं माणूस बसला होता. मग मी दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. उजवीकडची, माझ्या मुलीची. आणि डावीकडची, रिकाम्या सीटची.

एकच रेषा दिसत होती.

डावीकडे जे काही होतं ते यशूच्याच उंचीचं, यशूच्याच अंगाचं होतं. मी मोबाईल खिशात टाकला आणि तिला म्हटलं, झालं बेटा, उतर. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून परत राग आला.

मंगळवारी सकाळी दहाला सामान भरलं. ज्योती पुढं बसणार होती, कारण यशूला मागं पाय लांब करायला जागा लागते. ज्योती घराला कुलूप लावत होती आणि यशू आधीच तिच्या जागेवर, मागं डावीकडे, उशी घेऊन बसली होती. मला वाटलं, चला, दिवाकरला रेषा पाठवायचीच आहे. माईक बांधला. काचा वर केल्या.

चारही रेषा सरळ आल्या.

मी नीट पाहिलं. यशू बसली होती. काचेतून माझ्याकडे पाहून तिनं जीभ दाखवली. रेषा सरळ होती, रिकाम्या सीटची असते तशी.

काही न लिहिता मी ती रेषा दिवाकरला पाठवून दिली. बोटं आपोआप चालली.

"यशू, जरा उतर."

"क्यों पप्पा?"

"उतर म्हटलं ना."

ती उतरली. मोजलं. डावी रेषा घसरली.

"बस."

बसली. सरळ.

"उतर."

घसरली.

तिसऱ्यांदा बसताना तिनं दार धरलं आणि तशीच उभी राहिली. ओठ निळसर झाले होते. ज्योती धावत आली.

"पागल झाले का तुम्ही? तिला दम लागून राहिला ना! आजच्या दिवशी हे काय लावलं?"

खरंच होतं. मी माईक सोडून डिकीत फेकला. यशूला उचलून सीटवर ठेवलं. तिचं वजन हाताला लागलं. नेहमीइतकंच होतं. मी ते मनात दोनदा म्हटलं, नेहमीइतकंच.

"उजवीकडे बसतेस का आज?"

"नहीं. ये मेरी जगह है."

निघालो. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला. खाली नर्मदा उन्हात चमकत होती. यशूनं गाणं लावायला सांगितलं, मी लावलं. ज्योती माझ्याकडे न बघता बसली होती. थोड्या वेळानं तिचा राग उतरला आणि तिनं मला सोललेलं संत्रं दिलं. दवाखान्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

बरगी गावाच्या पुढं माझा मोबाईल वाजला.

"दिवाकरचा मेसेज आहे," ज्योती म्हणाली. चष्मा बॅगेत होता, म्हणून तिनं मोबाईल लांब धरून वाचला. "'बहुत बढ़िया, साहब. जो भी था, ठीक हो गया. नाप में पीछे की सीट पर अब कोई नहीं है. अब बिटिया को बिठाकर एक बार और भेज दो.'"

मी गाडीचा वेग कमी केला.

"काय म्हणते हा?" ज्योतीनं विचारलं. "यशू तर बसूनच होती ना?"

मी आरशात पाहिलं. ती दिसत होती. उशीला टेकून, डोळे मिटून, ओठ गाण्याबरोबर हलत होते. आणि तिच्या दारातला आवाज, कुठंच न अडता, स्वच्छ माझ्या कानापर्यंत येत होता.