न हादरलेली चित्रं

पेशींचा गोळा मेला होता आणि त्याच्या खुनाचा आळ एका सॉफ्टवेअरवर आला होता.

सायबर पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टर क्रांती चौगुले यांना फोनवर आधी ही थट्टाच वाटली. माणूस मेलेला नाही, चोरी झालेली नाही, मग पोलीस कशाला? पण कोल्हापुरातल्या त्या संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. सोमशेखर कोरे अगदी रडकुंडीला आले होते. क्रांतीबाईंनी चहा अर्धा टाकला आणि गाडी काढली.

प्रकरण असं होतं. कर्करोगाच्या गाठीतून वाढवलेला जिवंत पेशींचा गोळा सूक्ष्मदर्शकावर झाकणाच्या बशीत ठेवला होता. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळानं त्याचे थराथरानं फोटो घेई आणि त्यांतून पडद्यावर फिरवून बघता येईल असा अख्खा गोळा उभा करी. मेलेली पेशी त्यात लाल दिसे. आज ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. सकाळी बघतात तर सगळा गोळा लाल, आणि सॉफ्टवेअरमधून सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला.

सॉफ्टवेअर लिहिलं होतं ऋतुराज सरनोबतनं. शिवाजी पेठेतला पोरगा, तीन वर्षं त्यावर राबलेला. संध्याकाळी केंद्राची समिती बसणार होती. प्रोग्रॅमनं पेशी भाजल्या असं ठरलं की सॉफ्टवेअरही बाहेर आणि ऋतुराजही.

"मॅडम, माझा प्रोग्रॅम आपल्या मनानं प्रकाश वाढवतच न्हाय," तो म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम केलंय."

खोलीच्या किल्ल्या तिघांकडं होत्या. डॉ. कोरे काल वारणानगरला व्याख्यानाला गेले होते आणि रात्री तिथंच राहिले. सॉफ्टवेअर उघडायलाही आपण दुसऱ्याला हाक मारतो, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दुसरी किल्ली अनुजा मगदूमची. तो गोळा तिनंच वाढवलेला. रडून तिचे डोळे सुजले होते. काल दुपारीच कळंब्याला घरी गेलते, म्हणाली. तिसरा ऋतुराज. काल पेठेच्या संघानं फुटबॉलचा अंतिम सामना मारला होता आणि हा मिरवणुकीत होता.

"तुला तिथं पाहिलं कुणी?"

"गुलालात कोण कुणाला वळखतंय, मॅडम?"

क्रांतीबाईंना हसू आलं, पण हा काही पुरावा नव्हता.

त्यांनी चित्रं मागितली. अनुजानं दाखवली ती सगळे थर एकावर एक दाबून केलेली, सपाट. केंद्रात सगळे तशीच बघत. गोळा एका दमात लाल होताना दिसत होता. क्रांतीबाईंनी थर वेगळे करायला लावले, तेव्हा वेगळंच दिसलं. आधी वरचा थर लाल झाला, मग मधला, आणि तळाचा सगळ्यात शेवटी.

"प्रकाश कुठून येतो?"

"खालनं," ऋतुराज म्हणाला आणि पुन्हा तळाच्या थराकडं बघायला लागला.

मग त्यांनी कॅमेऱ्यानं घेतलेली मूळ चित्रं मागितली. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र आपोआप जागेवर बसवून दाखवतं. ऋतुराजनं ती सोय बंद केली, आणि काल संध्याकाळच्या चित्रांत गोळा थरथरायला लागला. समोरच्या गल्लीतनं मिरवणुकीचा डॉल्बी जात होता ना! मध्येच काही चित्रं मात्र अगदी शांत होती. पुढं पुन्हा थरथर. क्रांतीबाईंनी ती दोनदा बघितली आणि तिघांना समोर बसवलं.

"पेशी प्रकाशानं मेल्या असत्या, तर तळाचा थर आधी गेला असता," त्या म्हणाल्या. "वरून मरण आलं, म्हणजे कुणीतरी झाकण काढून विष टाकलं. प्रकाश मागाहून वाढवला, सॉफ्टवेअरवर बालंट यावं म्हणून. पण झाकण काढताच खोलीतला उजेड आत शिरला आणि ती चित्रं पांढरी पडली असणार. म्हणून त्यांच्या जागी काल सकाळची चित्रं चिकटवली. सकाळी डॉल्बी नव्हता."

त्यांनी ती शांत चित्रं पुन्हा पडद्यावर आणली.

"बाहेर अख्खी पेठ नाचत होती, तेव्हा हा गोळा एवढा शांत कसा? चिकटवणाऱ्याला तो फरक दिसलाच नाही, कारण त्यानं चित्रं नेहमीच्या खिडकीत बघितली, जागेवर बसवलेली. ऋतुराजनं ती सोय स्वतः लिहिलीय, तो असा फसला नसता. सर वारणानगरला होते आणि त्यांना हे उघडताही येत नाही. राहिलं कोण?"

अनुजानं डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते आता.

"मीच," ती म्हणाली. "मागल्या वर्षी डिस्क भरली म्हणून ह्यानं माझी सगळी चित्रं पुसली. आणि समितीपुढं सांगितलं, अनुजानंच पुसली. माझं एकानंबी ऐकलं न्हाय. शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. मला ह्याला त्याच खुर्चीत बसलेलं बघायचं हुतं. खरं बोलतोय, आणि कोण ऐकत न्हाय, असं."

क्रांतीबाई ऋतुराजकडं वळल्या. तो आत्ताच सुटला होता. नाही म्हणाला असता तरी खपलं असतं.

"खरं हाय?"

त्यानं पडद्यावरचा लाल गोळा बंद केला.

"व्हय," तो म्हणाला. "मीच पुसल्ती. भ्यालतो."

डॉ. कोरेंनी कपाळाला हात लावला. अनुजाच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, दयामायाही नव्हती. वर्षभर जिच्यासाठी जीव जाळला ती चीज तिच्या हाती आली होती. ती उठली, क्रांतीबाईंच्या बरोबर दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"सर," ती म्हणाली, "समिती रद्द करू नका. फक्त आज दोन खुर्च्या मांडा."