गोगलगाईचे दगडपणजोबा

"थांब बे तौसिफ! फेकू नको तो दगड!" रुबिनाने धाकट्या भावाचा हात वरच्या वर धरला.

सुट्टी लागल्यापासून ही भावंडं आणि त्यांचा दोस्त गोपाल यांना एकच उद्योग होता. सोनाळ्याच्या शिवारात भटकायचं आणि चिंचा पाडायच्या! पण आज रस्त्याच्या कामाला टाकलेल्या ढिगातले दगड भलतेच निघाले. पांढरट, आणि त्यांत शंखच शंख!

"कोनं तरी चिकटवले असतीन," तौसिफ म्हणाला.

"तुह्या डोक्यानं!" गोपालने नखाने एक शंख उचकटून पाहिला. तो हलेना. शंखाचाही दगड झाला होता!

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या धरून तिघं डोंगराच्या पायथ्याशी नाल्यावर पोचले. नाला खोल करण्यासाठी जेसीबीने काठ उभा कापला होता. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे पोळीतल्या पुरणासारखा शंखांचा थर!

"खाली लाव्हा," शाळेतला धडा आठवून रुबिना हळूच म्हणाली, "त्याच्यावर तळं साचलं, त्यात गोगलगाई राह्यल्या. मंग पुन्हा लाव्हा आला!" तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस जन्मालाही आला नव्हता, तेव्हा इथे तळं होतं.

"हटा रे पोट्टेहो!" ठेकेदार रंगराव ओरडले. ते गोपालचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका. "हा थर आत्ता फोडाचा हाये, गिट्टी कराले!"

"मोठेबाबा, लय जुना हाये तो!"

"दगड जुनाच असते! नवा कुठी पाह्यला तू?"

मजूर खो खो हसले. रुबिनाने तौसिफच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो गावाकडे ओरडत सुटला, "नाल्यात शंख निघाले हो!" मग काय! अर्धं गाव लोटलं. काही बायांनी तर हळदकुंकूही आणलं. एवढ्या गर्दीत जेसीबी हलणार कसा?

रुबिना थरापुढे उभी राहिली. "काका, तुमच्या आजोबाचे आजोबा तुमचे कोन?"

"खापरपणजोबा."

"आन् त्याहिचे बाप?"

रंगराव अडखळले. "त्याले शब्द नाही पोरी."

"शब्द सरला, पन बाप तं होतेच ना!" रुबिना म्हणाली. गोपालने डबक्यातली जिवंत गोगलगाय आणली होती. ती रुबिनाने दगडी शंखाशेजारी ठेवली. तोच वेढा, तोच डौल! "हिचे पन असेच मांगं मांगं गेलं का हे दगडपणजोबा! आन् त्याच्याही लय मांगं गेलं, तं हिचे आन् आपले पणजोबा एकच!"

गोगलगाईने शिंगं बाहेर काढली आणि ती सावकाश त्या शंखावर चढली.

"म्हंजे हे आपले भाऊबंदच व्हय!" म्हाताऱ्या सोजराबाई पुढे आल्या. "काऊन रे रंग्या, भाऊबंदाच्या घरावर जेसीबी घालतं का?"

हशा पिकला. रंगरावांनी मुकाट्याने हात वर केला आणि जेसीबी बंद झाला. "गिट्टी दुसरीकून आनू," ते म्हणाले. "हा थर असाच राहीन."

"गुनाची व्हय माही बाई!" सोजराबाईंनी रुबिनाची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली.

रंगराव मात्र थरापुढे उकिडवे बसले. त्यांनी एका शंखावरून अलगद बोट फिरवलं.

"पोरी," ते लहान मुलासारखे म्हणाले, "त्याच्याही आंधी कोन होतं? सांग ना!"