आगातीनोच्या गाडीतला शॉर्ट

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवायचीच असती, तर स्वतःला एवढं नालायक दाखवलं नसतं.

गेल्या वर्षीचा जुलै. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपारचे दोन. सगळं गाव खिडक्या लावून झोपलेलं.

आगातीनो आला. जुन्या गाड्यांचा शौकीन म्हणे! चामड्याचे हातमोजे, गळ्यात रेशमी रुमाल, आणि फ्यूज कुठे असतो तेही ठाऊक नाही. असल्या माणसांचा मला मनापासून तिटकारा.

"सारो मिस्त्री, बॅटरी सारखी उतरतेय. कुठेतरी शॉर्ट आहे. चारला डोंगरावरची शर्यत आहे माझी, बघ ना काहीतरी!"

"साहेब, तुम्ही फक्त कशाला हात लावू नका. अर्धं काम तिथंच होईल."

बॅटरीची वायर सोडली, मध्ये छोटा दिवा जोडला. गाडीत सगळं बंद असूनही तो पेटला, तर कुठेतरी करंट गळतोय. मग एकेक फ्यूज काढायचा. ज्याच्यामुळे विझेल, चोर तिथे.

दिवा पेटला.

पहिला फ्यूज काढला. पेटलेलाच.

दुसरा काढला. पेटलेलाच.

सगळे काढले...

पेटलेलाच.

आगातीनो बॉनेटला टेकून खिदळत होता. "काय मिस्त्री, टेकले हात?"

माझं डोकंच फिरलं. "जा हो, तिकडे जाऊन पाणी प्या!"

तो दारापर्यंत गेला... दिवा विझला.

परत येऊन टेकला... पेटला.

"अंगात काय तारा भरल्यात का तुमच्या?" मी खेकसलो. चिडून बॅटरीच उचलून जमिनीवर ठेवली. दिवा सोडवून हातात घेतला. त्याची दोन्ही टोकं मोकळी.

आगातीनो माझ्या शेजारी आला. बाजूच्या आरशात बघून रुमाल सारखा करायला लागला...

आणि माझ्या तळहातावर दिवा पेटला.

मंद. स्थिर.

तीस वर्षं वायरी चिवडतोय मी. असं कधी पाहिलं नव्हतं. त्या शहाण्याचं लक्ष आरशात!

"सापडला का शॉर्ट?"

सांगायला हवं होतं. काय सांगायचं, ते आजही कळत नाही... पण 'आज गाडी काढू नका' एवढं तरी! पण या बावळटासमोर हार मानायची? गावभर बोंब मारली असती त्याने.

"सापडला," मी म्हणालो. "जा, पळवा."

बॅटरी बसवून दिली. तो हॉर्न वाजवत गेला.

चौथ्या वळणावर सापडला. गाडी कडेला नीट उभी. साधा ओरखडा नाही. इंजिन चालू. आणि तो स्टिअरिंगवर मान टाकून...

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने त्याची बायको वेनेरा आली. काळे कपडे, डोळे सुजलेले.

"सारोभाऊ, खरं सांगा. गाडीत काही बिघाड होता का?"

"नाही वहिनी. गाडीत काहीच नव्हतं."

तिने माझे दोन्ही हात धरले. रडली. "बरं झालं विचारलं," म्हणाली, "निदान मनातली शंका तरी गेली."

तिची गेली हो.

माझी कुठे जातेय...