चंदेरी चकती

थकलोय हो मी या कॅसेटींना. आखातातल्या या वादी अदाईतल्या दुकानात दिवसभर लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवायच्या, म्हणजे परक्यांची लग्नं-बारशी बघत म्हातारं व्हायचं. २०१३च्या उन्हाळ्यात सुरैयाभाभी एक कॅसेट घेऊन आल्या, तेव्हाही मला फक्त दुपारची झोप हवी होती.

भाभी रत्नागिरीकडच्या. त्यांचे मजीदभाई हिवाळ्यात हृदयविकाराने गेलेले. लेक झरीनचा निकाह ठरला होता आणि अब्बांचा आवाज असलेली ही एकच कॅसेट घरात उरली होती. तान्ह्या झरीनसाठी इकडच्याच सूर गावच्या समुद्रकिनाऱ्यावर ते चार शब्द बोलले होते. ते तिला निकाहच्या दिवशी ऐकवायचे होते.

कॅसेट मुळात एका जपानी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांची. अशा कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून कंपनी मागची पट्टी मोडून टाकते. त्या खाचेवर सेलोटेप डकवली की भरता येतं. आखातात आपल्या लोकांनी कित्येक लग्नं अशीच भरलीत. मजीदभाईंनीही तेच केलेलं, फक्त सुरुवातीचं कंपनीचं चिन्ह पुसायचं राहिलं होतं. काळोखात एक चंदेरी चकती फिरत फिरत पुढे येते, मागे घंटांची बारीक धून.

भाभींना बसवून कॅसेट लावून पाहिली. चकती आली, गेली. मग समुद्र, होड्या आणि मजीदभाई. "झरीन बेटा, अब्बाकडे बघ…" भाभींनी ओढणी तोंडाला लावली.

कॅसेट मागे नेऊन मी उतरवायला घेतली. या खेपेला चकती जास्त वेळ फिरली. ती गेली तेव्हा बोलणं संपत आलं होतं. कॉम्प्युटरवर उतरलेलं पाहिलं, तर तिथे नुसती चकती. मशीन बदलून पुन्हा लावली. आता मजीदभाई पाठमोरे, पाण्याकडे निघालेले.

"भाभी, ती दर खेपेला खातेय त्यांना," मी म्हटलं. "आता लावली तर काहीच उरणार नाही… घरी नेऊन ठेवा."

भाभींनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, "लावा, दयाभाई. ठेवून काय करू मी?"

लावली. चकती आली ती गेलीच नाही. टीव्हीच्या काचेला भिडली आणि तिच्या लकाकीत आमचं दुकान दिसलं. मी, भाभी, आणि भाभींच्या शेजारी ओल्या कपड्यांत कुणीतरी. मी भीत भीत मान वळवली. खुर्ची रिकामी होती. खाऱ्या पाण्याचा वास मात्र येत होता, आणि वादी अदाईत समुद्र कुठला?

भाभी त्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाल्या, "किती भिजलात…"

मशीन आपोआप थांबलं. मी कॅसेट पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"निकाहला या, दयाभाई. हे आता स्वतःच बोलतील तिच्याशी."

दार उघडून त्या बाजूला झाल्या आणि मागून येणारा बाहेर पडेपर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं.