यूडोरावरचा बोका

टिरेल बे या खाडीत नांगरलेल्या नौकांत यूडोरा ओळखू यायची ती तिच्या उडालेल्या निळ्या रंगामुळे. लिस्ट्राशी लग्न करून अल्बन या नौकेवर राहायला आला, तेव्हा त्यानं पहिलं काम काढलं ते रंगाचं. कॅरियाकू बेटावर शिडं शिवणारा म्हणून त्याचं नाव होतं आणि हात रिकामे असले की त्याला चैन पडत नसे. त्यानं नौका खरवडून पांढरी केली, मोठं शीड उसवून पुन्हा शिवलं, स्वयंपाकाच्या कोपऱ्यातलं कुजलेलं फळकूट बदललं. लिस्ट्रा प्रत्येक वेळी छान झालं म्हणायची. तरी नौका आपली झाली असं त्याला वाटेना.

ती बांधली होती हॅडननं, लिस्ट्राच्या पहिल्या नवऱ्यानं. वादळानं घर नेल्यावर नवरा-बायको हिच्यावरच राहू लागले होते. मग एकदा हॅडन एकटाच युनियन बेटाकडे निघाला, आणि यूडोरा परत आली ती वाहवत, खारफुटीच्या कडेला. शिडं जागच्या जागी होती. शेगडीवर तुरीचे दाणे करपून काळे झाले होते. सुकाणूजवळच्या बाकावर बोका बसला होता. हॅडन कुणाला सापडला नाही.

बोक्याचं नाव बोसन. राखाडी रंगाचा, दणकट, एक कान फाटलेला. अल्बननं त्याला आपलंसं करायचे सगळे उपाय केले. ताज्या शंखाचं मांस बारीक करून घातलं, स्वतःच्या ताटातला मासा दिला. बोका हुंगायचा आणि निघून जायचा. लिस्ट्राच्या हातून मात्र शिळा पावही खायचा.

अल्बनचा लिस्ट्रावर जीव शाळेपासूनचा. तिच्या पहिल्या लग्नात त्यानं ढोल वाजवला होता, आणि तो इतका जोरात का वाजवतोय हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. आता ती त्याची बायको होती, आणि एका जनावरापुढे तो अजून पाहुणाच होता.

दिवस मावळायला आला की बोसन मागच्या बाजूला जाऊन सुकाणूजवळच्या बाकावर बसायचा. सवय असेल, असं अल्बनला आधी वाटलं. मग एका संध्याकाळी तो डोलकाठीशी टेकून शीड शिवत होता. वारा पूर्ण पडला होता, बाजूच्या नौकांवरची निशाणं लोंबत होती. त्याची नजर बोक्यावर गेली. बोक्याची पाठ डोक्याकडून शेपटीकडे दबत गेली आणि मागून वर आली. पुन्हा दबली. अल्बननं सुई खाली ठेवली. पाठीवरचे केस चापून बसत होते, एका रुंद पट्ट्यात, सावकाश, मानेपासून शेपटीपर्यंत. बोका डोळे मिटून घुरघुरत होता.

अल्बननं नकळत स्वतःचा तळवा उघडून पाहिला. तो पट्टा त्याच्या तळव्याहून रुंद होता.

खाली जाऊन त्यानं लिस्ट्राला सांगितलं. ती भांडी घासत होती. मांजरं अशीच असतात, एवढंच ती म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. तो काय पाहून आला, हेही विचारलं नाही.

त्यानंतर तो तिच्यावर लक्ष ठेवू लागला. सूर्य कलायच्या आत ती स्वयंपाक उरकायची, तोंड धुवायची, कानांत सोन्याच्या बाळ्या घालायची आणि वरच्या पायरीवर येऊन बसायची. तिथून सुकाणू समोर दिसत असे. रविवारी चर्चला जाताना ती बाळ्या विसरायची, पण ही वेळ कधी चुकली नाही. कुणालाही अशा वेळी भीती वाटली असती. अल्बनला भीती नंतर वाटली. आधी त्याच्या छातीत जे पेटलं, तो निव्वळ मत्सर होता.

त्यानं जमिनीवर राहायला जायची गोष्ट काढली. त्याच्या बहिणीच्या घरात मागच्या खोल्या रिकाम्या होत्या.

"बोसनला जमिनीवर करमणार नाही," लिस्ट्रा म्हणाली.

"बोसनला, की तुला?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू आलास म्हणून मी पुन्हा जेवायला लागले, अल्बन. हे तुला कमी वाटतं का?"

त्याला ते कमी वाटलं.

ती बाजाराला गेलेली पाहून त्यानं बोक्याला शिडाच्या पिशवीत घातलं. ओरबाडेल म्हणून त्यानं जाड हातमोजे चढवले होते, पण बोका आपण होऊन पिशवीत शिरला. विंडवर्ड गावाला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवीत कोंबडा आहे का म्हणून विचारलं, इतका तो गप्प होता. तिथून ओळखीच्या होडीनं अल्बन पिती मार्टिनीकला गेला. त्या चिमुकल्या बेटावर टँटी आयोनचं दुकान होतं. ती हॅडनची आत्या. तिच्या दुकानात उंदीर झाले होते.

तिनं बोक्याला ओळखलं. लिस्ट्राला ठाऊक आहे का, असं विचारलं. अल्बन हो म्हणाला.

"हॅडनच्या नावाचा कबरीचा दगड अजून बसवला नाही आपण," म्हातारी पीठ मोजता मोजता म्हणाली. "माती नाही तर दगड बसवायचा कशावर?" अल्बननं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. तो परतीच्या होडीत बसला.

बोका शेजारच्या कुणाच्या होडीतून किनाऱ्यावर गेला असेल, मांजरीमागे असेल, येईल दोन दिवसांत, असं त्यानं लिस्ट्राला सांगितलं. ती रडेल, भांडेल, शोधायला निघेल अशी त्याची तयारी होती. तिनं तसं काहीच केलं नाही.

"संध्याकाळच्या आत येईल ना?" एवढंच तिनं विचारलं.

संध्याकाळी बाक रिकामा होता. अल्बन वर बसून विलायती फणस सोलत होता आणि कित्येक दिवसांनी शीळ घालत होता. लिस्ट्रा वर आली. आज ती पायरीवर थांबली नाही. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि जाऊन बाकावर बसली.

तिच्या दाट कुरळ्या केसांत आधी एक खळगा पडला. मग तो मागे सरकू लागला. कपाळापासून टाळूवर, टाळूवरून मानेपर्यंत केस दबत होते आणि मागून हळूहळू वर येत होते. तिची मान वाकली. डोळे मिटले होते. तिच्या घशातून एक बारीक, सुखाचा आवाज निघत होता. अल्बननं तो कधी ऐकला नव्हता.

"लिस्ट्रा, तिथून ऊठ."

तिनं उशिरानं डोळे उघडले. "थोडं थांब," ती म्हणाली, दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं.

सकाळी तिच्या उशीवर मिठाचे कण होते. ती समुद्रात उतरली नव्हती. तिनं चहा घेतला नाही, भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

अल्बन पहिल्या होडीनं पिती मार्टिनीकला पोचला. बोसन दुकानाच्या उंबऱ्यावर पाय पसरून झोपला होता.

"आल्यापासून झोपतोय," टँटी आयोन म्हणाली. "पाळी संपवून घरी आलेल्या पहारेकऱ्यासारखा. तू नेमकं काय केलंस रे, अल्बन?"

त्यानं बोक्याला उचललं. या वेळी बोक्यानं हातमोजे फाडले, आणि सबंध वाटभर तो पिशवीत रडत होता. यूडोरावर सोडल्यावर तो डोलकाठीच्या मागे एक पाऊल टाकेना. अल्बननं त्याला उचलून बाकावर ठेवलं. तो उडी मारून परत आला.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मग अल्बन स्वतःच जाऊन बाकावर बसला.

लिस्ट्रा वर आली. कानांत बाळ्या होत्या.

"तिथे नको बसूस, अल्बन."

"मी तुझा नवरा आहे."

"हो," ती मऊपणे म्हणाली. "म्हणूनच सांगते."

दिवसभर ऊन खाल्लेलं ते लाकूड त्याच्या खाली ओलं होत होतं. गारवा विजारीतून मांडीला लागला, मग कमरेला. त्यानं दात आवळून धरले. पण गारवा छातीपर्यंत चढत आला. तो उठला आणि डोलकाठीपाशी जाऊन बसला.

बोसन त्याच्या मांडीवर चढला. पहिल्यांदाच. त्यानं नखं रोवली आणि तो बाकाकडे बघत राहिला.

लिस्ट्रा बाकावर बसली. सूर्य गेला. तिचे केस हलले नाहीत.

अल्बन वाट बघत होता. पाण्यावर उजेड उरला नव्हता, तरी काही घडलं नाही. संपलं असेल, असं त्याला वाटलं. त्याचा हात हळूच बोक्याच्या पाठीवर गेला.

नौकेवर राहणाऱ्या माणसाला मान वळवून पाहावं लागत नाही. कुणी चढलं की पायाखालची फळी सांगते.

यूडोराची मागची बाजू सावकाश खाली दबली, भरल्या अंगाचा माणूस पाण्यातून वर यावा तशी.

लिस्ट्रानं वळून पाहिलं नाही. ती जराशी सरकली, आणि तिनं शेजारी जागा करून दिली.