बिनखिडक्यांच्या खोल्या

"किती हवेशीर खोली आहे..." आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मी डॉक्टर, तो आर्किटेक्ट. दोघंही अजून पदव्युत्तर शिकणारे. मला दिसली खाटांमधली ऐसपैस जागा, त्याला दिसल्या समोरासमोरच्या उंच खिडक्या. ओळख ना पाळख, पण आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "याच खोलीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक्टरांनी मनोरुग्णांना इंजेक्शनं देऊन मारलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्याचे तर कानसुद्धा लाल झाले होते.

मॅडम व्यावसायिक नीतिमत्ता शिकवतात. वेगवेगळ्या पेशांची आमच्यासारखी पोरं गोळा करायची आणि या जुन्या मनोरुग्णालयासारख्या जागी नेऊन उभी करायची, ही त्यांची पद्धत. आपल्या पेशातल्या माणसानं इथे काय केलं ते शोधायचं आणि जोडीदाराला सांगायचं. जोड्या त्याच लावत. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकत्र. तुमचं एकमत आधीच झालंय."

आठवडाभर आम्ही जुने कागद वाचले, कोर्टातले जबाब ऐकले. जेवायच्या सुट्टीत आवाराबाहेरच्या कॅन्टीनमध्ये मात्र त्याच्या जिभेला हाड नसायचं.

"डॉक्टरीणबाई, पेशंटकडे पण असेच डोळे वटारून बघता?"

"फार बोलणाऱ्यांकडेच."

"मग मला चांगलंच दुखणं झालंय."

"जीभ दाखवा."

शहाण्यानं खरंच दाखवली. अशा ठिकाणी हसू येतं याची मला लाज वाटायची... आणि ते यायचंच. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

शेवटच्या दुपारी तो गप्प होता. इमारतीमागच्या बाकावर बसल्यावर म्हणाला, "मला नोकरी मिळालीय. तुझ्या शहरात."

माझ्या काळजानं उडीच मारली. पण त्याचा चेहरा पडलेला.

"पहिलंच काम डिटेन्शन सेंटरचं आहे. कागदपत्रं नसलेल्या माणसांना ठेवायला. बिनखिडक्यांच्या खोल्या हव्यात. साहेब म्हणतात, तू रेघा मार, विचार आमच्यावर सोड. आत्ता फोन करून हो की नाही सांगायचंय."

"आणि नाही म्हणालास तर?"

"गावी. बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात. तुझ्यापासून एक दिवस नि एक रात्र लांब." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तूच सांग... काय करू?"

घे, मी मनात म्हटलं. तू नाही काढलेस तर दुसरं कुणीतरी नकाशे काढेलच की. शब्द अगदी ओठांवर आले... आणि अंगावर काटाच आला. सकाळीच मी त्याला इथल्या डॉक्टरचा जबाब वाचून दाखवला होता. मी नाही तर दुसऱ्या कुणी केलंच असतं, असं तो डॉक्टर कोर्टात म्हणाला होता.

"मला नको विचारूस."

"का? एरवी तर न मागता सल्ले देतेस."

"आम्हा डॉक्टरांत एक पथ्य असतं... आपल्या माणसाचं ऑपरेशन आपण करायचं नाही."

त्यानं अगदी हळू विचारलं, "आपल्या माणसाचं?"

"कळलं ना? मग वदवून कशाला घेतोस?" माझी मान वर होईना. "तू जवळ राहावंस म्हणून मी काहीही सांगेन. म्हणून सांगणार नाही."

तो उठला. माझ्यासमोरच उभा राहून, एकेक आकडा अडखळत दाबून त्यानं फोन लावला. "सर, मला नाही जमणार... नाही, दोन-चार खिडक्या ठेवण्याचा प्रश्न नाहीये. तसली जागाच मी काढणार नाही." पलीकडून फोन आपटल्याचं मलाही ऐकू आलं.

"गेली नोकरी," तो धपकन बसला. "आता खिळे विकेन आणि सुट्टी मिळाली की गाडी पकडेन. चालेल?"

"न चालून सांगते कुणाला?"

मी त्याचा हात हातात घेतला.

"नाडी बघतेयस?"

"नाही. नुसता धरलाय." डोळे भरून आले होते, पण सांगायला तर हवं होतं. "मी मनात 'घे, घे' म्हणत होते. थँक्यू... माझं ऐकलं नाहीस."

"ऐकू येत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर नंबर लावताना हात चालत नव्हता."